रोल धुण्यापासून प्रिंटपर्यंत: पहिल्या दहा काळ्या-पांढऱ्या रोलांसाठी

फिल्मवर झालेली चूक लगेच दिसत नाही. रोल संपतो, धुतला जातो, वाळतो, आणि तो उजेडासमोर धरल्यावर कळतं की काहीतरी बिनसलंय. पण कुठे? उजेड मोजणारा मीटर चुकला, फिल्मवर चित्र उमटवणारा डेव्हलपर गार होता, की टँकमध्ये उजेड शिरला? हे निगेटिव्हवरून ओळखता येणं हाच या कामाचा अर्धा अभ्यास आहे. त्यासाठी एक पथ्य पाळावं लागतं: पहिले दहा रोल एकच फिल्म, एकच डेव्हलपर, एकच कागद. दर रोलला नवं काहीतरी वापरणाऱ्याला दहा रोलांनंतरही कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. सोबत एक वही ठेवा. तारीख, फिल्म, डेव्हलपरचं प्रमाण, तापमान, मिनिटं एवढं लिहिलं तरी पुरे.

कॅमेरा आणि फिल्म

कॅमेरा ३५ मिमीचा, सगळं हाताने ठरवता येईल असा कोणताही चालेल. लेन्स ५० मिमी पुरते. जुना घेत असाल तर रिकाम्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडा, शटर १ सेकंदावर ठेवून दाबा, मग १/३०, १/१२५, १/५०० असं करत जा. पडदा मध्येच अडकला किंवा एका सेकंदाचे दोन झाले तर दुरुस्तीचा खर्च धरूनच किंमत ठरवा. झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर तो बदलावा लागणार, नाहीतर तिथूनच उजेड आत येईल. १९६०-७० च्या दशकांतले बरेच कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत. ते सेल बंद झाले. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की बहुतेक मॉडेलांचा मीटर उजेड आहे त्याहून जास्त दाखवतो आणि अख्खा रोल कमी एक्स्पोज होतो. मोबाइलवरच्या मीटरशी एकदा ताडून पाहा.

फिल्म आयएसओ ४०० ची घ्या: इलफर्ड एचपी५ प्लस, कोडॅक ट्राय-एक्स किंवा केंटमेअर ४००. डबीवर 'सी-४१' लिहिलेली काळी-पांढरी फिल्मही मिळते, उदाहरणार्थ एक्सपी२ सुपर. फिल्म उत्तम आहे, पण ती रंगीत फिल्मच्या केमिकलमध्ये धुवायची असते. शिकण्यासाठी ती नको.

रोल भरल्यावर रिवाइंडची चकती हलक्या हाताने घट्ट करा आणि पुढची फ्रेम ओढा. चकती उलटी फिरली तर फिल्म पुढे सरकतेय. नाही फिरली तर टोक चाकावरून निसटलंय, आणि तुम्ही ३६ फोटो एकाच जागी उभ्या फिल्मसमोर काढणार आहात. नवशिक्यांचे कोरे रोल बहुतेक याच कारणाने कोरे असतात.

एक्स्पोजरबद्दल एवढंच: निगेटिव्हमध्ये हिशोब उलटा असतो. उजेडाच्या जागी चांदी साचते आणि निगेटिव्ह काळी होते. सावलीची जागा जवळपास पारदर्शक राहते. सावलीतला तपशील फिल्मवर उतरलाच नाही तर पुढे कोणतंही केमिकल तो आणू शकत नाही. उलट बाजूला एक-दोन स्टॉप जास्त झाले (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) तरी प्रिंट निघते. म्हणून शंका असेल तिथे एक स्टॉप जास्त द्या. पाठीमागून उजेड असलेल्या माणसाचा फोटो घेताना जवळ जाऊन चेहऱ्यावरच मीटर वाचा, मग मागे या. मीटर बंद पडला तर लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ आणि शटर साधारण फिल्मच्या आयएसओइतकं, म्हणजे ४०० च्या फिल्मला १/५००. ढगाळ हवेत एफ/८, मोकळ्या सावलीत एफ/५.६ किंवा एफ/४.

केमिकल

बोलताना आपण 'रोल धुणं' म्हणतो, पण पाण्याने धुण्याची पाळी शेवटी येते. आधी डेव्हलपर, मग त्याचं काम थांबवणारा स्टॉप बाथ, मग उरलेले चांदीचे क्षार काढून टाकणारा फिक्सर. फिक्सरला जुनी मंडळी हायपोच म्हणतात. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ते चांदीचे क्षार विरघळवतं हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये दाखवलं होतं, म्हणजे फोटोग्राफीचा शोध जाहीर होण्याच्या २० वर्षं आधी. आताचे रॅपिड फिक्सर अमोनियम थायोसल्फेटचे असतात. काम तेच, फक्त कितीतरी लवकर.

डेव्हलपर डी-७६ किंवा आयडी-११ घ्या. दोन्ही जवळजवळ एकच. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्सचं हे सूत्र १९२७ पासून चालत आलंय. पावडरचं पाकीट १ लिटरचं असेल तर ७५० मिली पाणी ५० अंशांच्या आसपास तापवा, पावडर हळूहळू सोडत ढवळा आणि पूर्ण विरघळल्यावर पाणी घालून १ लिटर करा. आयडी-११ मध्ये दोन पुड्या असतात. आधी ए, ती विरघळल्यावर बी. अर्धं पाकीट आज, अर्धं पुढच्या महिन्यात असं करू नका. पावडर पाकिटात सारखी मिसळलेली नसते आणि तुमच्या वाट्याला नेमकं काय आलं हे कळायला मार्ग नाही. हा झाला स्टॉक. काठोकाठ भरलेल्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत तो सहा महिने टिकतो, अर्ध्या भरलेल्या बाटलीत दोन. म्हणून एका मोठ्या बाटलीऐवजी २५० मिलीच्या चार बाटल्या बऱ्या. रंग चहासारखा झाला की फेकून द्या.

वापरताना १+१ करा, म्हणजे स्टॉक एक भाग आणि पाणी एक भाग. एकदा वापरलं की ओतून टाकायचं. दरवेळी ताजा डेव्हलपर असला की 'केमिकल दमलं असेल का' ही शंकाच उरत नाही.

स्टॉप बाथ विकतचा घेतला तर बाटलीवरच्या प्रमाणात पातळ करा. नाहीतर ५ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी दोन भाग. फिक्सर रॅपिड प्रकारचा, १+४. डेव्हलपर सोडून बाकी दोन्ही पुन्हा वापरता येतात. फिक्सर फिल्मसाठी वेगळा आणि कागदासाठी वेगळा ठेवा आणि बाटलीवर किती रोल झाले त्याच्या रेघा मारत जा.

हातमोजे घाला. मेटॉलची ॲलर्जी काहींना पहिल्याच दिवशी येते, काहींना पाच वर्षांनी, आणि एकदा आली की जात नाही.

अंधारात रीळ भरणं

सिनेमात डार्करूम म्हटलं की लाल दिवा लागतो, त्यामुळे फिल्मही लाल उजेडात हाताळायची असते असा समज पक्का आहे. तसं नाही. आजची साधारण सगळी काळी-पांढरी फिल्म लाल रंगही पाहते. तिला ठार अंधारच हवा. लाल दिवा कागदासाठी, आणि तो पुढे प्रिंटच्या भागात.

खोलीत पाच मिनिटं दिवा मालवून बसा. दाराखालची फट, एसीचा हिरवा ठिपका, घड्याळाचे चमकणारे काटे, सगळं तेव्हा दिसायला लागतं. टॉवेल आणि काळी चिकटपट्टी लावून ते बंद करा. मोबाइल बाहेर ठेवा, खिशात नको. खोली मिळत नसेल तर दोन बाह्यांची काळी चेंजिंग बॅग चालते, पण तिच्यात हाताला घाम येतो आणि दमट झालेली फिल्म रिळात अडकते.

एक रोल वाया घालवून सराव करा. आधी उजेडात बघत, मग डोळे मिटून, मग अंधारात. सलग तीन वेळा न अडखळता जमल्याशिवाय खऱ्या रोलला हात लावू नका.

प्लॅस्टिकच्या रिळाचं तंत्र असं. रोल रिवाइंड करताना फिल्मचं टोक थोडं बाहेर राहू दिलं असेल तर उजेडातच कात्रीने जिभेसारखा निमुळता भाग कापून कड सरळ करा. काप दोन छिद्रांच्या मधून जायला हवा, छिद्रातून गेला तर राहिलेलं टोक आत रुततं. दोन्ही कोपरे किंचित गोल करा. आता टँक, तिचं झाकण, मधली नळी, रीळ आणि कात्री टेबलावर ठरलेल्या क्रमाने मांडा, डोळे मिटून एकदा चाचपून घ्या आणि दिवा बंद करा.

रिळाच्या दोन्ही चकत्यांच्या कडेला, खाच सुरू होते तिथे, एकेक छोटा उंचवटा असतो. दोन्ही उंचवटे समोरासमोर आले की तोंड तिथे आहे हे बोटांना कळतं. फिल्मच्या कडा हलक्या दाबून टोक आत सरकवा, आतल्या छऱ्यांच्या पलीकडे दोन-तीन सेंटिमीटर जाईपर्यंत ओढा. मग चकत्या आलटून पालटून पुढे-मागे फिरवा. छरे फिल्म पकडून आत घेतात आणि सळसळ असा सारखा आवाज येत राहतो. हा आवाज महत्त्वाचा. तो थांबून कुरकुर ऐकू आली किंवा चकती जड झाली तर फिल्म खाचेतून सुटलीय. जोर लावू नका. जोर लावलात की फिल्म दुमडते आणि त्या जागी निगेटिव्हवर नखाएवढी चंद्रकोर कायमची उमटते. तेवढा भाग मागे घ्या, पुन्हा सरळ करून घाला. तरी जमेना तर फिल्म आणि रीळ टँकमध्ये टाका, मधली नळी बसवा, झाकण लावा, दिवा लावून बाहेर या, हात कोरडे करा, पाणी प्या. फिल्म टँकमध्ये तासभर सुरक्षित असते. रीळ अडकण्याचं कारण दहापैकी नऊ वेळा एकच, ओलावा. आदल्या रोलनंतर रीळ पूर्ण वाळलेलं नसतं.

शेवटी फिल्म डबीच्या दांडीपासून कापा, रीळ मधल्या नळीवर चढवा, टँकमध्ये ठेवा, झाकण लावा. मधली नळी विसरू नका. प्लॅस्टिकच्या टँकमध्ये उजेड अडवण्याचं अर्धं काम तीच करते. ती बाहेर टेबलावर राहिली तर झाकण लावूनही रोल काळा होतो.

टँकमधली वीस-पंचवीस मिनिटं

आता दिवा लावून काम करा. एका ३५ मिमी रोलला किती मिली लागतं ते बहुतेक टँकच्या तळाशी लिहिलेलं असतं, साधारण ३०० मिली. तिन्ही केमिकल आणि धुण्याचं पाणी एकाच तापमानाला, २० अंशांना आणा. गरम हवेत नळाचं पाणीच २६-२८ अंश असतं. तेव्हा बाटल्या एका टबात उभ्या करा आणि टबाच्या पाण्यात बर्फ टाका. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकला तर प्रमाण बिघडतं. २० अंशांपर्यंत येणं अवघड असेल तर २४ अंशांवर काम करा आणि डेव्हलपिंगचा वेळ साधारण ७० टक्के धरा. इथे १+१ प्रमाणाचा आणखी एक फायदा दिसतो. एचपी५ ला नुसत्या स्टॉकमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात, २४ अंशांना ती सव्वापाचावर येतात, आणि पाच मिनिटांच्या आत उरकलेलं डेव्हलपिंग डागाळ होण्याची भीती असते. १+१ मध्ये तेच १३ वरून ९ वर येतं.

१. डेव्हलपर. एचपी५ प्लस, आयडी-११ १+१, २० अंश: १३ मिनिटं (डी-७६ १+१ मध्ये ११). ट्राय-एक्सला डी-७६ १+१ मध्ये पावणेदहा. झपकन ओता, घड्याळ सुरू करा, पहिल्या १० सेकंदांत टँक चार वेळा उलटी-सुलटी करा, मग तळहाताने किंवा टेबलावर दोनदा ठोका म्हणजे फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतील. त्यानंतर दर मिनिटाच्या सुरुवातीला चार वेळा उलटी-सुलटी आणि ठोका. वेळ संपायला १० सेकंद असताना ओतायला सुरुवात करा.

२. स्टॉप बाथ, ३० सेकंद, हलवत.

३. फिक्सर, ४ मिनिटं, डेव्हलपरसारखंच हलवत. त्यानंतर झाकण उघडून बघायला हरकत नाही.

४. धुणं. तेवढ्याच तापमानाच्या पाण्याने टँक भरा, ५ वेळा उलटी करा, ओता. पुन्हा भरा, १० वेळा. पुन्हा भरा, २० वेळा. इलफर्डने सुचवलेली ही रीत नळ अर्धा तास सोडून ठेवण्याइतकंच काम करते आणि पाणी लिटरभर लागतं.

५. वेटिंग एजंट (पाण्याचे थेंब न साचता निथळू देणारं द्रव) १+२००, शक्यतो डिस्टिल्ड वॉटरमध्ये, एक मिनिट. जास्त घातला तर फेसाचे डाग पडतात.

हलवण्याची रीत प्रत्येक रोलला तीच ठेवा. सतत घुसळलं तर छिद्रांमधून जोरात जाणाऱ्या डेव्हलपरमुळे फ्रेमच्या कडेला काळपट पट्टे येतात. अजिबात न हलवता ठेवलं तर वापरून झालेला डेव्हलपर फिल्मलगत साचतो आणि एकसारखं डेव्हलपिंग होत नाही.

फिक्सरचा वेळ डोळे झाकून मानू नका. फिल्मच्या कापलेल्या जिभेचा तुकडा उजेडात फिक्सरमध्ये टाका आणि दुधी रंग जाऊन पारदर्शक व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. त्याच्या दुप्पट हा त्या फिक्सरचा वेळ. ताज्या फिक्सरमध्ये जेवढा वेळ लागला होता त्याच्या दुप्पट लागायला लागला की तो फिक्सर संपला.

वाळवायला फिल्म धूळ नसलेल्या जागी टांगा, खाली वजनदार चिमटा लावा. बाथरूम बरी, विशेषतः आधी गरम पाणी सोडून वाफेने धूळ बसवली असेल तर. पंखा नको, हेअर ड्रायर नको, बोटांनी पाणी निपटणं तर नकोच. ओला थर इतका मऊ असतो की बोटांत अडकलेला एक कण संपूर्ण रोलभर रेघ ओढतो.

निगेटिव्ह वाचणं

इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं इथे ठरतं. पहिल्यांदा फोटोंकडे बघायचंच नाही. कडेला छापल्यासारखे आकडे आणि फिल्मचं नाव असतं, ते बघा. ते कारखान्यात उजेड देऊन उमटवलेले असतात, कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. म्हणजे ते तुमच्या डेव्हलपिंगचे तटस्थ साक्षीदार आहेत.

आकडे ठसठशीत काळे, पण फ्रेम फिक्या आणि सावल्या कोऱ्या: डेव्हलपिंग ठीक, कॅमेऱ्यात एक्स्पोजर कमी पडलं. आकडे फिके आणि फ्रेमही फिक्या: डेव्हलपर गार, जुना, किंवा वेळ कमी. आकडे स्पष्ट आणि फ्रेम एकही नाही: फिल्म कॅमेऱ्यात सरकलीच नाही किंवा शटर उघडलं नाही. आकडेसुद्धा नाहीत, फिल्म काचेसारखी: डेव्हलपर मेलेला होता, किंवा तुम्ही आधी फिक्सर ओतलात. बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहायची ती यासाठीच. कडांसकट सगळं काळं: उजेड शिरला. कुठून शिरला तेही दिसतं. फक्त कॅमेऱ्याच्या बाजूने काही फ्रेमवर पट्टा असेल तर स्पंज, रोलच्या बाहेरच्या वेढ्यांवर डाग असेल तर टँक किंवा खोली.

सगळी फिल्म दुधी, ढगाळ दिसतेय? घाबरू नका, फिक्सिंग अपुरं आहे. पुन्हा ताज्या फिक्सरमध्ये टाका, पुन्हा धुवा. सगळ्या चुकांमधली ही एकच बिनपश्चात्तापाची. राखाडी अपारदर्शक चट्टे असतील तर रिळात दोन वेढे एकमेकांना चिकटले होते आणि तिथे केमिकल पोचलंच नाही. तिथे डेव्हलपरही पोचला नव्हता, त्यामुळे तो भाग गेला. बारीक गोल पारदर्शक ठिपके म्हणजे बुडबुडे, टँक ठोकायची राहिली.

आता फ्रेम. निगेटिव्ह छापील मजकुराच्या कागदावर, चांगल्या उजेडात ठेवा. सर्वांत काळ्या भागातून, म्हणजे आकाश किंवा पांढरा शर्ट जिथे असेल तिथून, खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. वाचता येत नसतील आणि सावल्या मात्र नीट भरलेल्या असतील तर पुढच्या रोलला डेव्हलपिंग १५ टक्क्यांनी कमी करा. सगळंच मिळमिळीत, काळं-पांढरं जवळजवळ सारखंच असेल तर १५ टक्क्यांनी वाढवा. सावल्या कोऱ्या असतील तर डेव्हलपिंगला हात लावू नका, एक्स्पोजर वाढवा. या दोन गोष्टींची गल्लत केली की माणूस वर्षभर गोल गोल फिरतो.

प्रिंटची तयारी

खोलीची दोन बाजूंत वाटणी करा: एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र), कागद, निगेटिव्ह कोरड्या बाजूला आणि तीन ट्रे ओल्या बाजूला. ओला हात कोरड्या बाजूला जाता कामा नये. फिक्सरचं बोट कोऱ्या कागदाला लागलं की डेव्हलपरमध्ये तिथे पांढरा ठसा उठतो.

कागद आरसी (प्लॅस्टिकचा थर दिलेला) प्रकारचा, मल्टिग्रेड (एन्लार्जरचा फिल्टर बदलून ग्रेड, म्हणजे कॉन्ट्रास्ट, बदलता येतो असा), ग्लॉसी, ८×१० इंच. फायबर कागद दिसायला सुंदर, पण धुवायला तासभर लागतो आणि वाळताना पापडासारखा वळतो. तो दहा रोलांनंतर. सेफलाइट, म्हणजे कागदाला न बिघडवणारा दिवा, त्या कागदाला चालणारा तपकिरी किंवा लाल, १५ वॉटचा, ट्रेपासून निदान १.२ मीटर लांब. त्याची परीक्षा घ्या: कागदाला एन्लार्जरचा इतका कमी उजेड द्या की तो फिका राखाडी होईल, मग त्यावर नाणं ठेवून सेफलाइटखाली पाच मिनिटं राहू द्या आणि डेव्हलप करा. नाण्याचा गोल दिसला तर दिवा सुरक्षित नाही. कोऱ्या कागदावर नाणं ठेवून केलेली परीक्षा बऱ्याचदा खोटं पास करते.

कागदाचा डेव्हलपर बाटलीतला, १+९, २० अंश. स्टॉप बाथ. फिक्सर १+४. आरसी कागदाला डेव्हलपरमध्ये पूर्ण ६० सेकंद, स्टॉपमध्ये १०, फिक्सरमध्ये ३० आणि वाहत्या पाण्यात दोन मिनिटं. प्रत्येक ट्रेला स्वतःचा चिमटा.

एन्लार्जरला ३५ मिमीसाठी ५० मिमी लेन्स. निगेटिव्हची चकचकीत बाजू दिव्याकडे, मंद बाजू कागदाकडे. उलटी घातली तर पाट्यांवरची अक्षरं उलटी येतील. फुंकर मारण्याऐवजी रबरी ब्लोअर वापरा, फुंकरीबरोबर थुंकीचे कण जातात.

आधी कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे अख्ख्या रोलची एकाच कागदावरची छोटी प्रिंट. सहा-सहा फ्रेमच्या सहा पट्ट्या कागदावर ठेवून वर काच दाबा. पट्ट्यांची रुंदी मिळून २१० मिमी होते आणि कागद २०३ मिमी, म्हणून कडेची छिद्रं थोडी बाहेर राहतील, चालतं. वेळ असा ठरवा: एफ/८, फिल्टर २, दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्यांची टेस्ट स्ट्रिप (वेगवेगळ्या वेळा दिलेली कागदाची पट्टी). फिल्मची कोरी कड आणि तिच्याबाहेरचा उघडा कागद सारखेच काळे दिसतील अशी सर्वांत कमी वेळेची पायरी निवडा. एन्लार्जरच्या डोक्याची उंची आणि ही वेळ वहीत लिहा. पुढच्या प्रत्येक रोलची शीट याच आकड्यांवर काढली की कोणती फ्रेम कमी एक्स्पोज झाली ते एका नजरेत कळतं.

टेस्ट स्ट्रिप आणि प्रिंट

फोकस लेन्स पूर्ण उघडून करा, भिंगाखाली ग्रेनचे दाणे टोकदार दिसेपर्यंत. मग एफ/८. आता टेस्ट स्ट्रिप. ५, १०, १५, २० सेकंद अशा समान पायऱ्या सगळे करतात आणि फसतात. ५ ते १० मध्ये उजेड दुप्पट होतो, २० ते २५ मध्ये फक्त पावपट वाढतो, त्यामुळे एका टोकाला उडी मोठी आणि दुसऱ्या टोकाला फरकच कळत नाही. त्याऐवजी दुप्पट करत जा. पूर्ण पट्टीला ४ सेकंद. पुठ्ठ्याने पाव भाग झाका, आणखी ४. अर्धा झाका, ८. पाऊण झाका, १६. पट्टीवर ४, ८, १६ आणि ३२ सेकंद मिळतात. ८ आणि १६ च्या मध्ये बरोबर वाटलं तर ११ ते १२ घ्या.

पट्टी कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. चेहरा, पांढरा कपडा, ढग, जिथे उजळ भागातला तपशील हवा तिथे. चारही पायऱ्यांत तो उजळ भाग यायला हवा. एका पायरीत भिंत आणि दुसरीत झाड आलं तर तुलना कशाची करणार?

पट्टी पूर्ण ६० सेकंद डेव्हलप करा. दहा-पंधरा सेकंदांत चित्र उगवतं आणि ते भराभर काळं होतंय असं वाटून हात आपोआप चिमट्याकडे जातो. लवकर काढलेली प्रिंट मळकट होते, काळा रंग कधी भरतच नाही. काळी पडली तर पडू द्या, वेळ एन्लार्जरवर बदला. फिक्स झाल्यावर, कागदाचं पाकीट बंद आहे याची खात्री करून, पांढरा दिवा लावा. सेफलाइटखाली प्रत्येक प्रिंट आहे त्याहून गडद वाटते.

निवड अशी: वेळ उजळ भागावरून, ग्रेड काळ्या भागावरून. आधी फिल्टर २ वर अशी वेळ शोधा की चेहऱ्यावर किंवा ढगात हवा तेवढाच राखाडी येईल. मग काळ्याकडे बघा. काळा राखाडीच राहिला तर फिल्टर ३ किंवा ३½. सावल्या बुजल्या तर १ किंवा १½. इलफर्डच्या संचात ००पासून ३½ पर्यंत वेळ साधारण तीच राहते, ४ आणि ५ ला दुप्पट करावी लागते.

समजा १२ सेकंद, फिल्टर २½ वर प्रिंट चांगली आहे, पण टोपीखालचा चेहरा काळवंडलाय आणि आकाश कोरं आहे. तारेच्या टोकाला रुपयाएवढा पुठ्ठा लावा आणि १२ पैकी ३ सेकंद चेहऱ्यावर सावली धरा, सतत किंचित हलवत, नाहीतर कडा दिसेल. मग उरलेली प्रिंट पुठ्ठ्याने झाकून फक्त आकाशाला आणखी ८ सेकंद द्या, पुठ्ठा क्षितिजरेषेवर वर-खाली हलता ठेवून. प्रिंटच्या मागे पेन्सिलीने याचं छोटं चित्र काढून सेकंद लिहा.

प्रिंट बिघडली की आधी पांढरी कड बघा. कडच राखाडी असेल तर सेफलाइट, उघडं राहिलेलं पाकीट किंवा मुदत संपलेला कागद. कड पांढरी आणि उजळ भाग मळकट असतील तर वेळ जास्त किंवा ग्रेड कमी. पांढरे केस आणि ठिपके म्हणजे निगेटिव्हवरची धूळ. काळे ठिपके म्हणजे कॅमेऱ्यातच फिल्मवर बसलेली धूळ, ती आता पुसून जाणार नाही. मधला भाग धूसर आणि कडा टोकदार असतील तर दिव्याच्या उष्णतेने निगेटिव्ह फुगली. दिवा अर्धा मिनिट लावून ती फुगू द्या आणि मग फोकस करा.

आरसी प्रिंट पाण्यात पंधरा मिनिटांहून जास्त ठेवू नका, कडेने पाणी शिरून थर सुटतात. काचेवर उभी धरून रबरी पट्टीने पाणी निपटा, दोरीवर टांगा.

आवरताना कागदाचा डेव्हलपर ओतून टाका, स्टॉप आणि फिक्सर गाळून बाटल्यांत भरा. जो ट्रे ज्या केमिकलचा तो कायम त्याचाच. संपलेल्या फिक्सरमध्ये विरघळलेली चांदी असते, ती झाडांत, विहिरीत किंवा गटारात ओतू नका. जुन्या कॅनमध्ये साठवा आणि चांदी परत काढणाऱ्या लॅबला द्या. लॅब हाताशी नसेल तर कॅनमध्ये लोखंडी तारेचा बारीक काथ्या टाकून काही दिवस उघड्या हवेच्या जागी ठेवा. लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात तळाशी बसते. तो गाळ वेगळा राखून ठेवा.